दोरीचे दुसरे टोक

संगणकप्रणाली लिहिण्यात ज्याची तीस वर्षे गेली, तो माणूस अजून 2013 सालची, जेमतेम रेडिओ असलेली गाडी का चालवतो, असे मला शेजाऱ्यांपासून भाच्यापर्यंत सगळे विचारतात. 'चालते आहे तोवर चालवू' एवढे सांगून मी आजवर वेळ मारून नेली. तुम्ही नवी गाडी घेण्याच्या बेतात असताना विचारलेत, म्हणून खरे कारण लिहितो. गाडीचे पैसे चुकते झाल्यावरही तिच्या दोरीचे एक टोक कंपनीच्या हाती राहते, हे मला मानवत नाही.

2019 साली ह्युंदाईची व्हेन्यू आणि एमजीची हेक्टर आली, तेव्हापासून गाडीच्या पोटात सिम असणे ही आपल्याकडेही कौतुकाची बाब झाली. हेक्टरवर तर 'इंटरनेट इनसाइड' असा बिल्लाच होता. गाडी कुठे आहे, किती वेगाने गेली, ब्रेक किती जोरात लागला, हे सारे त्या सिमवरून कंपनीकडे जाऊ शकते. पुढे त्याचे काय होते, ते 2024 मध्ये अमेरिकेत उघड झाले. जनरल मोटर्सच्या गाड्यांची अशी माहिती लेक्सिसनेक्सिससारख्या माहितीच्या दलालांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत पोहोचत होती. शेव्हरोले बोल्ट चालवणाऱ्या एका गृहस्थाने आपला विम्याचा हप्ता 21 टक्क्यांनी का वाढला याचा माग काढला, तेव्हा त्याच्या हाती 258 पानांचे बाड आले. त्यात सहा महिन्यांतल्या 640 फेऱ्या वेळ, अंतर आणि दाबलेल्या ब्रेकसह नोंदलेल्या होत्या.

तिथे निदान कुणाचा तरी धंदा होत होता. फोक्सवॅगन समूहाच्या बाबतीत नुसता निष्काळजीपणा पुरला. डिसेंबर 2024 मध्ये जर्मनीत उघडकीस आले, की समूहाच्या सुमारे 8 लाख विजेवरच्या गाड्यांची माहिती क्लाउडवर कित्येक महिने उघडी पडली होती, आणि त्यांतल्या सुमारे 4.6 लाख गाड्यांचा ठावठिकाणा इतका नेमका होता, की मालकाचा दिनक्रम त्यावरून मांडता यावा. माझ्या धंद्यातल्या माणसाला याचे नवल वाटत नाही, आणि काळजी नेमकी त्याचीच वाटते.

भरवशाचे म्हणाल, तर गाडी पंधरा वर्षे टिकते, मोबाइलच्या जाळ्याची पिढी तेवढी टिकेलच असे नाही. अमेरिकेत एटी अँड टी या मोबाइल कंपनीने 2022 मध्ये थ्रीजी बंद केले, आणि इंजिन ठणठणीत असलेल्या अनेक गाड्यांची अपघातानंतर आपोआप मदत मागण्याची सोय मुकी झाली.

घरचे उदाहरणही आहे. माझ्या मित्राने अशीच एक सिमवाली, वापरलेली गाडी घेतली. तीन महिन्यांनी आधीच्या मालकाचा फोन आला, 'तुमची गाडी रात्रभर अनलॉक दिसते आहे.' आरसी बुकावरचे नाव बदलले होते. गाडीवर मोबाइलमधून नजर ठेवणाऱ्या ॲपमधले बदलायचे कुणाला सुचलेच नव्हते. माणूस सज्जन, म्हणून कळले.

तुम्ही माझ्यासारखे अडून बसावे असे मी म्हणणार नाही. मात्र शोरूममध्ये गाडीला हार घालून, नारळ फोडून, पेढे वाटले जात असताना विक्रेता मुलगा तुमचा मोबाइल मागून घेतो आणि ॲप चढवताना प्रत्येक 'मान्य आहे'वर स्वतःच बोट ठेवत जातो. तेवढ्या वेळात मोबाइल त्याच्या हाती देऊ नका. पेढा खात बसून एकेक परवानगी वाचा, आणि नको असेल ती नाकारून पाहा.