वाडीतली आशा आणि पुढची पायरी

रायगड जिल्ह्यात पेण आणि सुधागड तालुक्यांतील उपकेंद्रांवर आरोग्यसेविका म्हणून काम करताना माझी बरीच वर्षे कातकरी वाड्यांच्या पायवाटा तुडवण्यात गेली. त्यातली एक सकाळ आजही लख्ख आठवते. पाऊस नुकताच सुरू झाला होता आणि मी एका वाडीत लहान मुलांचा दंडघेर मोजायला गेले होते. मला चढावर पाहताच दोन-तीन बायका मुलांना कडेवर घेऊन मागच्या बाजूने ओढ्याकडे निघून गेल्या. माझ्यासोबत त्याच वाडीतली, नव्याने नेमलेली आशा, म्हणजे वस्तीपातळीवरची आरोग्य कार्यकर्ती होती. ती एका कारवीच्या कुडाच्या घरात शिरली, चुलीपाशी उकिडवी बसली आणि रात्री किती चिंबोऱ्या मिळाल्या याची आपल्या बोलीत चौकशी करू लागली. बऱ्याच वेळाने तिने पिशवीतून पट्टी काढली. ती आधी स्वतःच्या दंडाला लावली, मग आजीच्या, आणि शेवटी मांडीवरच्या बाळाच्या. पट्टी लाल भागात थांबली, म्हणजे घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी, तीव्र कुपोषणाची खूण. मागच्या खेपेला याच घराने मला बाळ मामाकडे गेल्याचे सांगितले होते, आणि मीही ते निमूटपणे रजिस्टरात उतरवले होते.

कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातील तीन जमातींची नोंद विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून आहे. कातकऱ्यांच्या बाबतीत या शब्दांचा अर्थ दिवाळीनंतर कळतो. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी घेतलेली कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर निघून जातात, वाडीत म्हातारी माणसे उरतात, आणि आमच्या रजिस्टरात गरोदर बाईच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. शेरा मारला की आमच्यापुरता तो विषय मिटत असे. ती बाई कोणत्या भट्टीवर आहे, तिथे तिला लोहाच्या गोळ्या कोण देणार, हे विचारणारे कुणी नसे. वाडीतल्या आशेला मात्र ती भट्टी, तिथला मालक आणि परतीचा महिनाही ठाऊक असतो, कारण तिची स्वतःची नणंद तिथेच विटा पाडत असते.

आरोग्याचे काम त्याच वस्तीतल्या बाईने करावे, ही गोष्ट कोकणाला नवी नाही. डॉ. नो. ह. अँटिया यांच्यासारख्या नामवंत प्लास्टिक सर्जनने १९७० च्या दशकात अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात गावातल्याच बायकांना आरोग्याचे काम शिकवले, आणि फारसे शिक्षण नसलेल्या बायका ते उत्तम करतात हे दाखवून दिले. पुढे २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्यासोबत आशा आली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक, आणि डोंगराळ व आदिवासी भागात गरजेप्रमाणे वस्तीमागे एक, असे तिचे प्रमाण आहे. प्रत्यक्षात आमच्याकडे कित्येक वाड्यांची आशा मूळ गावातली असे. तिचा स्वभाव चांगला असला, तरी पिढ्यान्‌पिढ्या ज्या गावाच्या शेतावर वाडीने मजुरी केली, त्या गावच्या बाईपुढे कातकरीण मोकळेपणाने बोलेल, ही अपेक्षाच मुळात चुकीची होती. वाडीतली मुलगी सुचवली की शिक्षणाची अट आडवी येई. एकदा मी सुचवलेले नाव त्याच कारणाने परत आले आणि मी ते पुन्हा लावून धरले नाही, याची खंत मला अजून वाटते.

माझी भाची ऑस्ट्रेलियात परिचारिका आहे. तिच्या बोलण्यातून तिथल्या आदिवासी, म्हणजे ॲबोरिजिनल आरोग्य कार्यकर्त्यांविषयी कळले, तेव्हा मी जरा खोलात जाऊन वाचले. सिडनीच्या रेडफर्न भागात १९७१ साली त्या समाजाने स्वतः चालवलेला पहिला दवाखाना सुरू झाला. आज देशभर अशा शंभरावर संस्था आहेत आणि त्यांचा कारभार समाजाने निवडलेली मंडळे पाहतात. १९८९ च्या त्यांच्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्याची व्याख्या करताना एका माणसाच्या शरीरापाशी न थांबता, संपूर्ण समाजाचे सामाजिक, भावनिक आणि सांस्कृतिक स्वास्थ्य तिच्यात धरले. मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते असे की, जुलै २०१२ पासून तिथे ‘ॲबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनर’ हा डॉक्टर-परिचारिकांप्रमाणेच नोंदणीकृत व्यवसाय झाला. त्यासाठी ठरलेला अभ्यासक्रम आहे, नोंदणी नसलेल्या कुणाला ते पदनाम लावता येत नाही, आणि साध्या आरोग्य कार्यकर्तीला तिथवर पोहोचण्यासाठी एकेक वरचे प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे. म्हणून तिथे सगळे आलबेल आहे असे अजिबात नाही. आदिवासींचे सरासरी आयुर्मान इतरांपेक्षा आजही बऱ्याच वर्षांनी कमी आहे. पण जिन्याला पायऱ्या तरी आहेत.

आमच्या आशेला कागदोपत्री ‘स्वयंसेविका’ म्हणतात. तिला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. प्रसूती दवाखान्यात झाली तर बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने जायचे असते, आणि वाडी ओढ्यापलीकडे असली तरी त्यात सूट नाही. इतके सगळे ती पंधरा वर्षे चोख करत राहिली, तरी पंधरा वर्षांनंतर ती आशाच असते. एएनएम, म्हणजे माझ्यासारखी आरोग्यसेविका व्हायचे तर बारावी हवी. तिने मोजलेले दंडघेर, ओळखलेले निमोनिया आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचवलेल्या बाळंतिणी यांपैकी काहीही त्या अटीच्या जागी चालत नाही. वाडीतली बाई नेमा, असे आता बैठकांमधून सर्रास बोलले जाते आणि ते योग्यच आहे. नेमल्यावर तिने पुढे कुठे जायचे, हा विषय मात्र चहा येईपर्यंतही टिकत नाही.

चुलीपाशी बसलेली ती आशा गेल्या महिन्यात माझ्याकडे आली होती. तिचे शिक्षण आठवीपर्यंतचे, वय एकोणतीस. सतरा नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा फॉर्म भरून आधी दहावी आणि मग बारावी केली, तर एएनएमच्या पस्तीस वर्षांच्या मर्यादेत बसता येईल का, हे आम्ही दोघींनी बोटांवर मोजून पाहिले. दर परीक्षेत पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झाली तर सहज बसते. अडचण निराळीच निघाली. भट्टीवर शक्यतो जोडीनेच घेतात, एकट्या पुरुषाला उचल कमी मिळते. आणि बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, भट्ट्या ऐन भरात असताना येतात. नवऱ्याशी बोलून सांगते, असे म्हणून तिने फॉर्मसाठी लागणाऱ्या कागदांची यादी दंडघेराच्या पट्टीभोवती गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.