गडगा

कॅलेंडरच्या जानेवारीच्या पानासाठीचा फोटो आदल्या जानेवारीतच काढून ठेवावा लागतो, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. इंग्लंडच्या उत्तरेला, रोमन सम्राट हेड्रियननं बांधवलेल्या भिंतीवर, बर्फ टिकतो ते दिवस मोजके. त्यात ढग फाटलेले आणि वारा जरा दमलेला, असा दिवस मिळाला तर नशीब. मंगळवारी संध्याकाळी तसा अंदाज आला आणि मी बुधवारची बाकीची कामं पुढे ढकलली. पहाटे पाचला न्यूकॅसलहून निघालो तेव्हा शेजारच्या सीटवर काका होते.

काका म्हणजे मित्राचे वडील. मूळ राजापूरकडचे, बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून निवृत्त. मुलाकडे तीन महिने राहायला आले होते आणि हीटरसमोर बसून विटले होते. मित्र म्हणाला, घेऊन जा, त्रास नाही देणार. मी हो म्हटलं आणि फोन ठेवताच पस्तावलो. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस बर्फात घसरला तर?

रस्ता बी 6318. नकाशावर पट्टी ठेवून आखल्यासारखा सरळ. काकांनी कारण विचारलं. 1745 च्या बंडात, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या बाजूनं झालेल्या उठावात, सरकारच्या जनरल वेडचं सैन्य तोफा घेऊन न्यूकॅसलहून कार्लाइलला वेळेत पोचू शकलं नाही, म्हणून पुढे हा लष्करी रस्ता बांधला. कित्येक मैल तो सरळ रोमन भिंतीच्या पायावरच घातलाय, भिंतीचे दगड फोडून खाली भरले. काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे आमच्याच खात्याचं काम.”

हाउसस्टेड्सला, भिंतीवरच्या रोमन किल्ल्याखाली, गाडी लावून अंधारातच चढलो. काका काठी टेकत माझ्यापुढे. आयुष्यभर कोकणातले सडे तुडवलेले पाय, मी उगाच काळजी केली होती.

मला जायचं होतं किल्ल्याच्या पश्चिमेला, कडीज क्रॅग्जवर. तिथून मागे पूर्वेला वळून पाहिलं की भिंत खाली उतरते, पुन्हा हाउसस्टेड्सच्या कड्यावर चढते आणि झाडीत शिरते. डाव्या हाताला उत्तरेकडे सरळ तुटलेला काळा कडा. हे दृश्य हजारांनी काढलंय, त्यात नवल काही नाही. पण हिवाळ्यात तिथे उभं राहण्याला कारणं आहेत. भिंत पूर्व-पश्चिम धावते. तिच्या उत्तरेच्या अंगाला ऊन लागतं ते उन्हाळ्यात, तेही अगदी सकाळी आणि अगदी संध्याकाळी, सूर्य ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो तेव्हा. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि ऐन डिसेंबरअखेरीस तर भर दुपारीसुद्धा क्षितिजावर 11-12 अंशांच्या वर जात नाही. म्हणजे दिवसभर तिरपं ऊन, आणि तिरप्या उन्हात प्रत्येक दगडाची कड वेगळी उठते. पूर्वेकडे कॅमेरा रोखला की हे ऊन उजवीकडून येतं आणि पश्चिमेचा वारा पाठीवर राहतो. पश्चिमेकडे तोंड केलं तर दर मिनिटाला लेन्स पुसत बसा.

वाऱ्यात ट्रायपॉड हलू नये म्हणून खाली बॅग लटकवा, असं सगळे शिकवतात. लटकवून बघा एकदा. बॅग झोके घेते आणि ट्रायपॉडलाही घेऊन डोलते. ती जमिनीला टेकलेली हवी. बॅटऱ्या शर्टाच्या आतल्या खिशात, नाहीतर थंडीत अर्ध्या तासात मान टाकतात. आणि बर्फाला कॅमेरा हमखास फसतो, पांढऱ्याचं राखाडी करतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, दीड स्टॉप वाढवून ठेवलं, वरखाली एकेक फ्रेम जास्तीची, आणि थांबलो.

साडेआठनंतर ढगाची खालची कड तापली. भिंतीच्या माथ्यावर हिरवळ आहे, तिच्यावर बर्फाची पांढरी रेघ, तिच्याखाली दगडांच्या रांगा मधासारख्या पिवळ्या. समोरच्या बर्फावर एकही पाऊल नाही. चार फ्रेम झाल्या. पाचवीत उजवीकडून काका आले.

सरळ चित्राच्या मधोमध. भिंतीपाशी गेले, हातमोजा काढला आणि दोन दगडांच्या फटीत बोटं घातली.

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही, वडीलधाऱ्यांशी तसं बोलायचं नसतं. काकांनी वळूनही पाहिलं नाही. त्यांनी बोटं बाहेर काढली, दुसऱ्या फटीत घातली, मग तिसऱ्या. आणि तिथूनच हाक मारली, “अरे, यात चुना कुठाय? दर्जा भरलेल्याच नाहीत. हा गडगा आहे!”

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो: दर्जा म्हणजे दगडांमधल्या फटी, आणि गडगा म्हणजे आवाराभोवती रचलेला कोरडा बांध. दगडावर दगड, ना माती ना चुना.

मी त्यांच्याकडे गेलो तो भांडायला. पण उत्तर मला माहीत होतं, पंधरा वर्षं माहीत होतं. न्यूकॅसलचा टाउन क्लार्क, म्हणजे नगरपालिकेचा मुख्य अधिकारी, जॉन क्लेटन, मोठा वकील, गडगंज. त्यानं 1838 मध्ये हाउसस्टेड्सचं शेत विकत घेतलं आणि पुढे भिंतीचा मोठा पट्टा हळूहळू आपल्या ताब्यात आणला. शेतकरी दगड उचलून नेत होते, ते थांबलं. त्याच्या मजुरांनी ढासळलेले घडीव दगड गोळा करून पुन्हा तोंडाला रचले, आत भराव टाकला, वर हिरवळ बसवली. चुना न वापरता. जाणकार याला क्लेटनची भिंत म्हणतात. म्हणजे पाया रोमन, जागा रोमन, दगड रोमन. रचाई राणी व्हिक्टोरियाच्या काळातली. आणि मला सगळ्यात आवडणारी ती माथ्यावरची बर्फाची रेघ तर सबंध क्लेटनची.

“मग तू फोटोखाली काय लिहितोस?”

“रोमन भिंत, इसवी सन 122.”

“आमच्याकडे देवळाचा जीर्णोद्धार केला तर पाटी लावतात. कोणी केला, कुठल्या शकात. याची पाटी कुठाय?”

मी म्हटलं, काका, सगळेच तसं लिहितात, इथे येणाऱ्या बसचा नंबरसुद्धा एडी 122 आहे. म्हणताना मलाच ते लंगडं वाटलं. 2023 च्या सप्टेंबरात सिकॅमोर गॅपचं, भिंतीच्या एका खोलगट जागेतलं प्रसिद्ध झाड रात्रीत कुणी करवतीनं पाडलं, तेव्हा लोक रोमन काळ तुटल्यासारखे रडले. तेही झाड बहुधा क्लेटनच्याच काळात लावलेलं. त्या वर्षी एका गिऱ्हाईकानं मला सांगितलं होतं, फोटोत झाड पुन्हा टाकून दे, कोणाला कळतंय. तेव्हा मी फार तत्त्वाचा आव आणून नाही म्हटलं होतं.

उतरताना काकांनी किल्ल्याचं शौचकूप पाहिलं. सैनिकांसाठी रांगेनं बसायची सोय, खालून वाहत्या पाण्याचा पाट. सबंध उतारावरच्या किल्ल्यातला सगळ्यात खालचा कोपरा त्यासाठी निवडलाय, हे त्यांनी मी सांगायच्या आत ओळखलं. “हा माणूस शिकलेला होता,” म्हणाले. मी तिथे आजवर एकदाही ट्रायपॉड लावलेला नाही.

परतताना लाइमस्टोन कॉर्नरला त्यांनीच गाडी थांबवायला लावली, कारण मी बोलता बोलता बोलून गेलो होतो. भिंतीच्या उत्तरेला खंदक होता, तो इथे व्हिनस्टोन या कठीण काळ्या खडकातून खणत आणलाय आणि अर्धवटच सोडून दिलाय. खंदकात एक अजस्र धोंडा तसाच पडलाय, माथ्यावर पाचरी ठोकण्यासाठी पाडलेल्या भोकांची ओळ. पाचरी बसल्याच नाहीत, की बसूनही दगड फुटला नाही, की वरून काम बंद करायचा हुकूम आला? काकांनी भोकातला बर्फ बोटानं उकरला, खोली चाचपली. “आपल्या काळ्या दगडाचा भाऊ,” म्हणाले. “याला जीव जातो.” मी एक फोटो काढला. सपाट उजेड, राखाडी आकाश, धोंडा आणि त्यावर सुरकुतलेला हात. एक्स्पोजर वाढवायलाही विसरलो.

संध्याकाळी घरी पाचवी फ्रेम उघडली. पहिल्या चारांपेक्षा तिच्यातलंच ऊन नेमकं होतं. मी काकांना पुसलं, मग त्यांच्या पावलांचे ठसे एकेक करून पुसले. चाळीस मिनिटं लागली. काम बेमालूम झालं, तेवढं मला येतं.

कॅलेंडरवाल्यांना फोटो फार आवडला. धोंड्याचाही पाठवला होता, त्यावर उत्तर आलं: छान आहे, पण यात भिंत कुठे आहे? मथळ्याला त्यांच्याकडे चाळीस अक्षरांची जागा असते. मी क्लेटनला त्यात बसवून पाहिलं. बसतो, पण मग हेड्रियन बाहेर जातो.

काका गेल्या आठवड्यात परत गेले. जाताना त्यांना एक प्रिंट हवी होती. भिंतीची नको म्हणाले, धोंड्याची दे, आणि मागे तारीख घाल. मी तारीख घातली, जागा घातली, खाली माझं नाव घातलं. कॅलेंडरच्या फोटोचा मथळा अजून कोराच आहे. शुक्रवारपर्यंत पाठवायचाय.