बुधवारचा हप्ता आणि दसऱ्याची उचल: केज तालुक्यातले पहिले सहा दिवस

मी रत्नागिरीकडची. मराठवाड्याशी आमच्या घराचं नातं एवढंच, की कुलदैवत अंबाजोगाईची योगेश्वरी. आई म्हणाली, "जातेच आहेस तर ओटी भरून ये." ओटी भरली आणि केजच्या एसटीत बसले. एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, माझा विषय सूक्ष्मवित्त, म्हणजे गरीब घरांना तारणाशिवाय मिळणारं छोटं कर्ज. त्यासाठी ऑगस्टमधले सहा दिवस बीड जिल्ह्यातल्या एका गावात राहिले. गावाचं नाव देत नाही. कुणाचं किती देणं आहे याच्या या गोष्टी, त्या गावातच राहाव्यात.

आधी वाटेचं सांगते. मुंबईहून रात्री लातूर एक्स्प्रेस पकडली की सकाळी लातूर. स्टेशनवरून रिक्षाने बसस्टँड गाठायचं आणि रेणापूरमार्गे अंबाजोगाईची एसटी घ्यायची. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. कॉलेजचं पत्र जवळ ठेवा आणि पहिल्या दिवशी पंचायत समितीत 'उमेद'च्या, म्हणजे बचत गटांचं काम पाहणाऱ्या सरकारी अभियानाच्या, तालुका कक्षात जाऊन भेटा. तिथून गावातल्या गटांना मदत करणाऱ्या ताईंचा, म्हणजे सीआरपींचा, नंबर मिळतो. परस्पर गावात गेलात तर लोक तुम्हाला कर्जाचे हप्ते गोळा करणाऱ्या फायनान्स कंपनीची नवी मॅडम समजतात आणि दारं लागतात.

खरं तर पत्र असूनही माझ्या हातून पहिल्याच दिवशी मोठी चूक झाली. एका दारात उभी राहून मी प्रश्नावली काढली आणि विचारलं, "घरावर एकूण कर्ज किती?" त्या बाईंनी आत एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "काही नाही, समदं बरं हाय." दुसऱ्या दिवशी हापशावर त्याच भेटल्या. हळूच म्हणाल्या, "सासूला फायनान्सचं म्हाईत न्हाई. तुमी दारात इचारलं." मी हात जोडले. त्या दिवसापासून प्रश्नावली पिशवीतच राहिली. कर्जाचं घरात विचारू नका, दारात तर मुळीच नाही. खुरपायला गेलेल्या बायकांबरोबर बांधावर जाऊन बसा. तिथे कुणी काही न विचारताच बोलणं पैशावर येतं.

तिसऱ्या दिवशी बायकांच्या बचत गटाची बैठक होती, मारुतीच्या देवळात, संध्याकाळी. बारा जणी, महिन्याला 200 रुपये बचत. सचिव ताईंनी सतरंजीवर वही उघडली, एका बाजूला शाईचं पॅड, दुसऱ्या बाजूला पत्र्याची पेटी. ज्या बाईने पैसे द्यायचे ती नोटा सगळ्यांसमोर मोजून ठेवणार, ताई पुन्हा मोजणार, मग रकान्यात आकडा, मग सही किंवा अंगठा. हे बारा वेळा झालं, आणि एकदाही घाई झाली नाही. बचत आणि परतफेड मिळून 7,300 रुपये जमले. मागणी दोघींची होती, एकीला शेळीसाठी 5,000, दुसरीला लेकीच्या अंबाजोगाईच्या कॉलेजसाठी 4,000. पैसे 1,700 ने कमी. शेळीवाल्या मावशी थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या, मग म्हणाल्या, "तिला पुरे द्या. अ‍ॅडमिशन थांबत न्हाई, शेळी पुढच्या बाजाराला बी येईल." त्यांनी 3,300 घेतले. आमच्या पुस्तकात 'सामूहिक निर्णयप्रक्रिया' म्हणून एक प्रकरण आहे. ते मला त्या पदराच्या टोकापाशी कळलं.

गटाचं व्याज दोन रुपये शेकडा, म्हणजे वर्षाला 24 टक्के. मी दचकले. ताईंनी समजावलं, जेवढं मुद्दल बाकी तेवढ्यावरच व्याज, आणि ते पेटीतच येतं, बारा जणींच्या मालकीचं होतं. हा फरक नीट ध्यानात ठेवा. बाहेर कुणी "फक्त 12 टक्के" म्हणालं तर आधी विचारा, बाकीवर की सगळ्या रकमेवर? वर्षभर हप्ते फेडतानाही व्याज मूळ रकमेवरच लावलं, तर त्या 12 चे प्रत्यक्षात 21-22 टक्के होतात.

नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या बँकेने 1992 मध्ये 500 गटांपासून बँकजोडणी, म्हणजे बचत गटांना बँकेशी जोडणं, सुरू केली, तिचीच ही वाट. दुसरी वाट बुधवारी सकाळी मोटारसायकलवरून आली. ही खासगी सूक्ष्मवित्त कंपन्यांची, गावात तिला नुसतं 'फायनान्स' म्हणतात. पाच-पाच जणींचे गट, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. हापशावरच्या त्या बाईंची अशी तीन कर्जं होती, तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची. दुसरं कर्ज पहिल्याचे हप्ते भरायला घेतलेलं. त्या बुधवारी 650 रुपये हवे होते. खुरपणीची रोजी 300, आणि पावसाने दोन दिवस काम नव्हतं. शेजारणीकडून हातउसने घेऊन त्यांनी भरले. मी बाजूला उभी होते, घशाशी काहीतरी आलं.

साप्ताहिक हप्त्याची पद्धत रूढ झाली ती बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेमुळे. चितगावजवळच्या जोब्रा गावात 1976 मध्ये मुहम्मद युनूस यांनी 42 जणांना मिळून 856 टाका उसने दिले, त्यातून पुढे 1983 ची बँक उभी राहिली आणि 2006 चं शांततेचं नोबेलही मिळालं. पण जोब्राच्या बायका बांबूची स्टुलं विणून विकत होत्या, त्यांच्या हातात रोज थोडे पैसे येत. केजमध्ये सोयाबीन येतं दसऱ्या-दिवाळीला, वर्षातून एकदा. जून ते सप्टेंबर घरातून पैसा फक्त बाहेर जातो. हप्ता मात्र दर बुधवारी. माझ्या मते इथल्या कर्जाचं दुखणं व्याजदराइतकंच या तारखांमध्ये आहे. म्हणून व्याज विचारण्याआधी, घरात पैसा कोणत्या महिन्यात येतो ते विचारा.

आणि 'उचल' हा शब्द शिकल्याशिवाय बीडला जाऊ नका. ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता. मुकादम, म्हणजे तोडीला मजूर नेणारा, हंगामाआधी त्यांना उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, दसऱ्यानंतर गाव कारखान्यांकडे निघतं, आणि तोडीच्या मजुरीतून ती रक्कम फिटत राहते. फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. माझ्या प्रश्नावलीत बँक, सोसायटी, सावकार, फायनान्स एवढेच रकाने होते. उचल कुणीच सांगितली नाही. विचारल्यावर एक आजी म्हणाल्या, "ते कर्ज न्हाई माय, ते काम हाय." आमच्या गटातल्या पाच जणी तोडीला जातात. जाताना पाच महिन्यांची बचत, 1,000 रुपये, आधीच भरून जातात, म्हणजे गट मोडत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च गट बघायला जाल तर अर्ध्या घरांना कुलूप दिसेल. ऑगस्ट उत्तम, फक्त चिखलासाठी चांगल्या चपला हव्यात.

अजून काही गोष्टी. बाजाराच्या दिवशी कुणी भेटत नाही. वहीचा फोटो काढू नका, आकडे विचारून लिहून घ्या. जेवायला बसवलं तर बसा. येसर आमटी आणि ज्वारीची भाकरी मला भाताइतकीच आवडली. पीककर्जाचं 'नवं-जुनं', म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलणं, हे आधी समजून घ्या, रोज कानावर पडेल. आणि रिझर्व्ह बँकेचे 1 एप्रिल 2022 पासूनचे नियम पाठ करून जा. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला हे कर्ज विनातारण असतं, सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. हापशावरच्या बाईंना हे मी सांगितलं, तेव्हा त्यांनी कर्जाचं कार्ड आणून माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

शेवटच्या संध्याकाळी सचिव ताईंनी विचारलं, "तुमच्याकडं आंब्यावर उचल देत्यात का?" मी म्हटलं, देतात. वाशीचा दलाल मोहोर यायच्या आधी पैसे देतो, मग पेट्या त्यालाच घालाव्या लागतात. ताईंनी वही मिटली. "मग त्यो बी मुकादमच की," म्हणाल्या.

घरी पोचल्यावर मी बाबांकडे गेल्या तीन वर्षांच्या दलालाच्या हिशेबाच्या पट्ट्या मागितल्या.