मिठाला जागलेल्या गाड्या

इंग्लंडात लीड्सला साडेआठ वर्षं होतो, तेवढ्यात चार गाड्या झाल्या माझ्या, चारही जुन्या, आणि सुट्टीला मालवणात आलो की कोणी ना कोणी विचारायचंच, तिकडे गाडी आहे ना रे, तर मी नुसतं "आहे" म्हणायचो. फॉरेनात राहून सेकंडहँड वापरतो म्हटलं तर इज्जत जायची. तिकडे मात्र कोणाला काही पडलेली नसते. गाडीचं वय तर नंबर प्लेटवरच, 05 म्हणजे 2005 चा मार्च ते ऑगस्ट, 55 म्हणजे त्याच्या पुढचे सहा महिने, लपवणार काय!

पहिली घ्यायला गेलो तेव्हा सोबतचा पुण्याचा मित्र टायर बघत होता, इंजिनाचा आवाज ऐकत होता, मी सरळ ओल्या रस्त्यावर उताणा झोपून गाडीखाली शिरलो. मालक बघतच राहिला. पण किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला गंजाची धास्ती असतेच हो, खिडकीचे गज, सायकलची चेन, अँटेना, खाऱ्या वाऱ्याने काय सोडलं आमचं? बाबा दर मे महिन्यात स्कूटरच्या पोटाला जळकं ऑइल फासायचे, होडीला मुशीचं तेल लावतात ना तसं, आणि मग आठवडाभर अंगणात काळे ठिपके नि आईची बडबड.

लीड्सहून समुद्र चांगला दीड तास लांब, पण मीठ घरपोच. हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून लॉऱ्या रात्री रस्त्यावर खाणीतलं तपकिरी मीठ टाकत जातात आणि ते पाणी खालच्या पत्र्यात मुरतं. वरनं गाडी नवरीसारखी, खालनं कुरकुरीत.

तीन वर्षं झाली की गाडीची दरवर्षी एमओटी टेस्ट, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का ते तपासतात. 1960 पासून चालू आहे, मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टचं नाव कधीच बदललं पण टेस्टचं तेच राहिलं. पास झाली तरी खाली "अ‍ॅडव्हायझरी" लिहून देतात, म्हणजे यंदा सोडतोय, लक्ष ठेवा. आणि ही सगळी जुनी प्रगतीपुस्तकं नंबर टाकला की ऑनलाइन फुकट दिसतात. आमच्याकडे साध्या स्थळाची चौकशी करायला मामाला चार गावं फिरावी लागली होती.

तिसरी गाडी ह्या टेस्टमध्येच गेली. मेकॅनिकने दाराखालच्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो आरपार. वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त, मग दिली भंगारात. डिकी रिकामी करताना कार्पेटवर जांभळट डाग दिसला, आईने दिलेल्या कोकमाच्या आगळाची बाटली दोन वर्षांपूर्वी सांडली होती तिथे. आगळात मीठ असतंच, म्हणजे थोडा हातभार माझाही.

आता कायमचा मालवणात आलोय आणि आयुष्यातली पहिली कोरी गाडी अंगणात फणसाखाली उभी आहे. परवा सकाळी तिच्याखाली झोपून मोबाईलच्या टॉर्चने बघत होतो तर आई झाडू घेऊन आली, "काय सोधतंस रे थंय?"

काही नाही म्हटलं. जळकं ऑइल कुठल्या गॅरेजात मिळेल ते तिला विचारणार होतो, पण तिने तेव्हाच अंगण झाडलं होतं.