माऊस थिजला की पंखा गरजायचा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. दुकानातला कॉम्प्युटर जुना, असेंबल केलेला, 4 जीबी रॅमचा. विंडोज रखडायला लागल्यावर त्याच्यावर मीच लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली होती. त्यामुळे काही बिघडलं की बोट माझ्याकडे.

मार्चात हळदीची आवक जोरात. शेतकरी पट्टीसाठी समोर उभा, मी हमाली-तोलाई वजा करतोय, आणि ब्लूटूथ माऊसचा बाण जागच्या जागी थिजला. दहाएक सेकंदांनी पुन्हा हलायला लागला. तेवढ्यात पंखा असा चढला, की शेठ गादीवरून ओरडले, "दिवाणजी, गिरण लावलीय काय?"

पहिला आठवडा वायाच गेला. माऊसचे सेल बदलले, जोडी मोडून पुन्हा जुळवली, ब्लूटूथची सर्व्हिस रीस्टार्ट केली. बीटीयूएसबी मॉड्यूलचं (ब्लूटूथच्या ड्रायव्हरचं) ऑटोसस्पेंड, म्हणजे वीज वाचवायला आपोआप झोपणं, बंद करायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो, तेही केलं. ढिम्म फरक नाही. मग त्या सेटिंगची ओळ काढून टाकली. उपयोग नसलेल्या सेटिंग्ज मी ठेवत नाही, नंतर आपलेच आपल्याला कळत नाहीत.

शेवटी 'टॉप' उघडलं, कोण प्रोसेसर किती खातंय ते दाखवणारं. त्यात 100 टक्के म्हणजे एक कोर पूर्ण गुंतलेला, सगळा प्रोसेसर नव्हे. मला वाटलं होतं ब्लूटूथडी, म्हणजे ब्लूटूथची सर्व्हिस, वर दिसेल. तो बिचारा एक टक्क्यावर. वर होता 'केवर्कर', आणि त्याच्या नावाला शेपूट 'यूएसबी हब'चं. केवर्कर म्हणजे कर्नलचा, लिनक्सच्या गाभ्याचा, हमाल. त्याला मारता येत नाही, आणि त्याला हाकलून काय उपयोग? ओझं कोण टाकतंय ते बघायला पाहिजे.

टर्मिनलमध्ये 'सुडो डीमेसेज -डब्ल्यू' ही कर्नलचे निरोप येतील तसे दाखवणारी कमांड चालू ठेवली आणि शेजारी पट्टी करत बसलो. माऊस थिजला त्याच क्षणी ओळ आली: यूएसबी डिस्कनेक्ट, डिव्हाइस नंबर 61. लगेच नवीन डिव्हाइस, नंबर 62. यूएसबीवर वस्तू प्रत्येक वेळी नव्याने जोडली की तिला नवा नंबर मिळतो. ती पट्टी संपेपर्यंत आकडा 70 वर गेला होता. म्हणजे ब्लूटूथचा डोंगल, यूएसबीत खोचलेला तो छोटा तुकडा, वारंवार उपटला जात होता आणि कर्नल त्याला पुन्हा पुन्हा ओळख विचारत होतं. माऊस आणि पंखा, दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच.

डोंगल कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमध्ये होता. मागे, थेट मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावला. आकडा थांबला, पंखा गप्प. कॅबिनेट उघडलं तर पुढच्या पोर्टची वायर मदरबोर्डवर अर्धी निसटलेली, आणि सगळीकडे हळदीची पिवळी भुकटी. ब्लोअर मारला, वायर दाबून बसवली, पण त्या पोर्टवर भरवसा काही ठेवला नाही.

एवढ्यावर सुटलो असतो. पण बॅकअप चालू झाला की बाण अजून अडखळायचा, यावेळी डीमेसेजमध्ये काहीच नाही. डोंगलच्या शेजारी निळ्या यूएसबी 3 पोर्टात बॅकअपची डिस्क होती. यूएसबी 3 वर डेटा धावताना 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, आणि ब्लूटूथ बोलतं त्याच पट्ट्यात. हा सॉफ्टवेअरचा प्रश्नच नव्हता. यूएसबीची एक छोटी एक्स्टेन्शन वायर आणली, डोंगल टेबलावर, डिस्कपासून लांब आणून ठेवला. बॅकअप लावून मुद्दाम माऊस फिरवत बसलो. एकदाही अडखळला नाही.

पुढच्या दोन्ही पोर्टवर चिकटपट्टी मारून ठेवली होती. परवा सकाळी येतो तर पुन्हा गिरण चालू. चिकटपट्टी काढून कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावलेला, आणि डीमेसेजमध्ये आकडा 38 वरून पुढे निघालेला.