दहावी कुठे, पदवी कुठे

नवी मुंबईतल्या ऐरोलीतलं पाहणीचं एक पत्रक तपासायला हातात आलं तेव्हाच खटकलं. एक फ्लॅट, पेइंग गेस्ट राहणारी सहा पोरं, वयं 22 ते 29, आणि शिक्षणाच्या रकान्यात सरसकट 12. आमच्या घरोघरच्या पाहणीत शिक्षणाचे संकेत (कोड) आम्ही केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणाचेच वापरतो: 08 माध्यमिक, 10 उच्च माध्यमिक, 11 पदवीखालची पदविका, 12 पदवी. शिवाय ‘दहावी कुठून झाली’ हा आमचा जादा प्रश्न. त्यापुढे तिघांच्या नावावर ‘मुंबई’. अन्वेषकाला, म्हणजे पत्रक भरणाऱ्याला, बरोबर घेतलं आणि संध्याकाळी पोरं कामावरून परतायच्या वेळी फ्लॅटवर गेलो.

“सर, बीकॉम झालंच समजा, एकच विषय राहिलाय.” समजून चालत नाही. पास झालेला शेवटचा टप्पाच धरायचा, म्हणजे याचा संकेत 10. दुसरा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसलेला, अखेरच्या वर्षाचा निकाल अजून यायचा होता. त्याला 11. ‘किती शिकलास?’ असं विचारलं की माणूस कुठवर प्रवेश घेतला ते सांगतो. ‘शेवटची पास झालेली परीक्षा कोणती, निकाल कोणत्या साली लागला?’ असं विचारलं की तोच पोरगा डिजिलॉकर उघडून दाखवतो.

मग ‘मुंबई’. अन्वेषकाने ते गुणपत्रिकेवरून उतरवलं होतं. पण तिथे छापलेलं असतं ते विभागीय मंडळाचं नाव. मुंबई विभागीय मंडळाखाली ठाणे, पालघर, रायगडही येतात. तिघांतला एक मोखाड्याचा, एक मुरबाडचा, एक म्हसळ्याचा निघाला. मोखाड्याच्या आश्रमशाळेतून शिकलेला पोरगा कागदावर मुंबईकर झाला होता! (निकालाच्या दिवशी ‘कोकण अव्वल’ अशी बातमी येते, तिथेही असंच फसायला होतं. 2024 च्या दहावीत कोकण विभाग 99.01 टक्के, राज्य 95.81. पण मंडळाचा कोकण विभाग म्हणजे फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. आणि टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची. नववीत सुटलेलं पोर त्यात नसतंच.)

जिल्हा लिहूनही भागत नाही. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. त्याआधी दहावी झालेला मोखाड्याचा मुलगा ‘ठाणे जिल्हा’ सांगतो आणि ते खोटं नसतं. म्हणून त्या दिवसापासून नियम केला: शाळेचं गाव आणि तालुका लिहायचा, जिल्हा नंतर ऑफिसात आम्ही लावू.

एवढा काथ्याकूट कशासाठी? सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर असलेला मुलगा गावच्या घराच्या यादीतून गळतो. वसतिगृहात राहिला तरी आईवडिलांच्या कुटुंबात धरत नाहीत. म्हणजे मोखाड्याने घडवलेला पदवीधर ठाणे तालुक्याच्या खात्यात जमा, आणि मोखाड्याच्या तक्त्यात उरतात मागे राहिलेले. मागास तालुका जेवढा आहे त्याहून मागास दिसतो. उलट बाजू तिथून जवळच, दिघ्याच्या चाळींत: मराठवाड्यातून आलेली कुटुंबं, त्याच वयाची पोरं, बरीचशी आठवी-नववीत सुटलेली. ऐरोली आणि दिघा दोन्ही ठाणे तालुक्यातच, त्यामुळे तालुक्याची सरासरी या फ्लॅटचीही नाही आणि त्या चाळीचीही नाही. आता आम्ही दोन तक्ते काढतो, एक राहत्या ठिकाणाप्रमाणे, दुसरा दहावीच्या तालुक्याप्रमाणे. पहिला नोकऱ्या कुठे आहेत ते सांगतो. शाळांबद्दल काही बोलायचं तर दुसराच काढावा लागतो.

फ्लॅटवर आणखी एक भानगड निघाली. ही सहा जणं एक कुटुंब की सहा? भाडं वाटून देतात, हे पुरेसं नाही. चूल एक आहे का ते बघायचं. चौघांचं जेवण मावशी एकत्र करून जायच्या, दोघांचे डबे वेगवेगळे. म्हणून एक कुटुंब चौघांचं, दोन एकेकट्याची, आणि पत्रकं तीन. निवड कुटुंबांच्या यादीतून होते, त्यामुळे यादी चुकली की भारांक (निवडलेलं एक कुटुंब किती कुटुंबांच्या वतीने मोजायचं तो आकडा) चुकतो आणि ऐरोलीतले पदवीधर कमी-जास्त मोजले जातात.

दहावीचा रकानाही अगदी पक्का नाही. आश्रमशाळा पुष्कळदा दुसऱ्याच तालुक्यात असते, तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसलेल्याचं केंद्र कुठलंही असू शकतं. तशा पोरांना पाचवी कुठे झाली ते विचारतो आणि शेऱ्यात लिहितो.