नेपाळ: राजा गेला, राज्यघटना मात्र रखडली

नेपाळमधली राजेशाही 2008 मध्ये एका रात्रीत संपली असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. राजाची खरी ताकद सैन्यात होती आणि ती दोन वर्षं आधीच काढून घेतली गेली होती.

फेब्रुवारी 2005 मध्ये राजे ज्ञानेंद्र यांनी सगळी सत्ता हातात घेतली आणि एकमेकांना पाण्यात पाहणारे सात संसदीय पक्ष व सशस्त्र बंड करणारे माओवादी जवळ आले. नोव्हेंबरात त्यांच्यात राजाविरुद्ध 12 कलमी समझोता झाला. एप्रिल 2006 मध्ये 19 दिवस संचारबंदी मोडून लोक रस्त्यावर राहिले, तेव्हा कुठे राजाने बरखास्त संसद पुन्हा बसवली. त्या संसदेने 18 मे रोजी सेना राजाच्या हाताखालून काढली. ‘शाही नेपाली सेना’ची ‘नेपाली सेना’ झाली. मला हाच खरा निर्णायक दिवस वाटतो. 28 मे 2008 चं, राजेशाही संपवणारं संविधानसभेतलं 560 विरुद्ध 4 हे मतदान म्हणजे त्यावरची मोहोर.

घोडं अडलं ते पुढे. 601 जणांच्या या संविधानसभेला नवी राज्यघटना लिहायला दोन वर्षं दिली होती. मुदत वाढवत नेऊनही 2012 मध्ये ती घटनेविनाच विसर्जित झाली. प्रांतांच्या सीमा जमातींच्या ओळखीवर आखायच्या की भूगोल आणि आर्थिक बळावर, यावर एकमत होईना. राजा नको यावर सगळे एक होते, पण त्याच्या जागी काय हवं हे ठरलंच नव्हतं. दुसऱ्या सभेने 2015 मध्ये सात प्रांतांची घटना आणली, आणि तराईतले, म्हणजे दक्षिणेच्या सखल पट्ट्यातले, मधेशी लोक त्याच सीमांवरून पेटून उठले.